वयाची अट

बायकांचं वय विचारू नये असं म्हणतात. पुरुषांचं विचारायला हरकत नाही, फक्त उत्तरावर विश्वास ठेवू नये. माझंच घ्या. शाळेच्या दाखल्याप्रमाणे माझा जन्म १ जुलै १९५० चा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जुलैचाच होता. नाचणगावातल्या समस्त माउल्यांनी ठरवून एकाच दिवशी बाळंत व्हायचं, असा काही ठराव केलेला नव्हता. जूनअखेर शाळा उघडायची, बाप पोराला दंडाला धरून आणून उभं करायचा, आणि गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. कान सापडला तर पोरगं सहा वर्षांचं. नाही सापडला तर ‘पुढच्या वर्षी आणा’. माझा कान सापडला, आणि गुरुजींनी तारीख ठोकून दिली. त्या तारखेच्या भरवशावर मी जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि ३० जून २००८ रोजी नारळ घेऊन घरी आलो. तेव्हा वय ही गोष्ट मी कधी फारशी मनावर घेतली नाही.

पण सरकारं घेतात. गेल्या वर्षभरात मला एक शोध लागला आहे. अमेरिका आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान जे जे काही ये-जा करू पाहतं, मग ती मोटार असो की माणूस, त्याला दारातच पहिला प्रश्न विचारतात: वय काय? आणि तिथं कान पकडून भागत नाही.

हा शोध मला आमच्या स्कूटरमुळं लागला.

आमचं नाचणगाव वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावला खेटून. इतकं खेटून, की पुलगाव कुठं संपतं आणि नाचणगाव कुठं लागतं हे तिकडची नगरपरिषद आणि इकडची ग्रामपंचायत या दोघींनाच ठाऊक. रेल्वेचं स्टेशन पुलगावचं, कापडाची गिरणी पुलगावची, आर्वीला जाणारी छोटी रेल्वे पुलगावची, लष्कराचा दारूगोळ्याचा डेपोही पुलगावचा. आमच्या वाट्याला नाव तेवढं नाचरं आलं. पुढे गिरणी बंद पडली, छोटी रेल्वे बंद पडली, नाव मात्र अजून नाचतं आहे.

आमचे वडील, म्हणजे आबा, गिरणीत हिशेब लिहायचे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, नागपूरला शिकून इंजिनिअर झाला आणि १९७१ साली अमेरिकेला गेला. तो हुशार होता हे खरंच, पण त्याच्या हुशारीला एका कायद्याची साथ होती. पूर्वी अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत कायमचं राहायला घेत. पुलगावच्या स्टेशनावर पॅसेंजरच्या एका डब्यात याहून जास्त माणसं चढतात, आणि त्यांतली चार टपावर असतात. १९६५ साली अमेरिकेनं हा कायदा बदलला, १९६८ पासून तो पुरता लागू झाला, आणि देशागणिक वर्षाला वीस हजारांपर्यंत दार उघडलं. त्या दारातून आमचा दादा आठ डॉलर खिशात घालून आत गेला. आपलं सरकार त्या काळी तेवढेच डॉलर बरोबर न्यायला देत असे. ‘आठ डॉलर म्हणजे किती?’ असं आईनं विचारलं. आबांनी हिशेब करून सांगितलं, साठ रुपये. आई म्हणाली, ‘बाप्पा! मंग परतीचं तिकीट कशाचं काढील?’

ते तिकीट त्यानं काढलं नाही. पण १९८० साली त्याचे डॉलर आले.

आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण त्या काळी स्कूटर विकत घेता येत नसे. तिच्यासाठी नंबर लावावा लागे. पैसे भरायचे आणि विसरून जायचं. नंबर लावताना जो नवरदेव असायचा, तो स्कूटर येईपर्यंत दोन पोरांचा बाप झालेला असायचा, आणि एवढ्यांना एका स्कूटरवर कसं बसवावं या विवंचनेत पडायचा. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्यांसाठी मात्र निराळी रांग होती, आणि ती भराभर पुढे सरकायची. दादानं डॉलर पाठवले आणि काही महिन्यांतच आमच्या दारात आकाशी रंगाची बजाज चेतक येऊन उभी राहिली. नाचणगाव-पुलगाव या जुळ्या परिसरात तिच्यासाठी नंबर लावून बसलेले निदान वीसजण होते. ते सगळे ती बघायला आले. अभिनंदन करून गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते सांत्वनाला आल्यासारखे वाटत होते.

आबांनी तिचं नाव ठेवलं ‘डॉलर’. मग गावातही तेच रूढ झालं. ‘आज डॉलर घेऊन कुठं निघाले?’, ‘डॉलर पंक्चर झाला का जी?’, ‘थंडीत डॉलर लवकर उठत नाही’, ही वाक्यं आमच्या गावात पुढची चाळीस वर्षं सर्रास बोलली गेली. परक्या माणसाला वाटावं, नाचणगावात अर्थशास्त्राचे पंडित राहतात.

आबा स्वतः डॉलरवर कधी बसले नाहीत. दसऱ्याला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहायचे आणि मला सांगायचे, ‘जपून. त्याच्या घामाचे आहेत.’ चालवली ती मीच. वर्ध्याला, देवळीला, आर्वीला. सौ. मागे, चिरंजीव पुढे उभे, आणि पायाशी संत्र्यांची पिशवी. डॉलरची एक खोड पहिल्यापासून होती. मध्येच बंद पडायचा. मग खाली उतरायचं, त्याला एका अंगावर कलवायचं, मोठ्या माणसाला हात देऊन उठवावं तसं सरळ करायचं आणि किक मारायची. हे तंत्र ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या डोळ्यांत आत्ता पाणी उभं राहिलं असेल.

असो. दादाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. स्कूटरचा नंबर लावून झाला, आता त्यानं माझा लावला. अमेरिकेच्या नागरिकाला सख्ख्या भावंडांसाठी अर्ज करता येतो. १९८४ साली त्यानं माझ्यासाठी केला. कायद्यात निरनिराळ्या नातेवाइकांना क्रमांक दिलेले आहेत, आणि त्यांत भावंडांचा पाचवा होता. १९९० साली नवा कायदा आला आणि भावंडं पाचव्यावरून चौथ्यावर आली. सौ. नं शेजारी पेढे वाटले. मी तिला परोपरीनं समजावलं, की क्रमांक वर गेला आहे, रांग जिथल्या तिथं आहे. पण पेढे वाटून झाले होते.

पत्र आलं ते १९९६ साली. तुमचा नंबर लागला आहे, कागदपत्रं घेऊन मुलाखतीला या. मोजून बारा वर्षं. ऋषिमुनी याला एक तप म्हणत, आणि तेवढ्यात त्यांना इंद्र प्रसन्न व्हायचा. मला अमेरिका प्रसन्न झाली. पण ऋषिमुनींना घरी अर्धांगवायू झालेले वडील नसायचे.

आबांना अंथरूण धरून तेव्हा आठ महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणंही तुटक. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मी पत्र वाचून दाखवलं. आबांनी बराच वेळ आढ्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं खूण केली, जा. मला ती खूण कळली. तरी मी ‘पाणी हवं का?’ म्हणून पाणी आणायला गेलो.

मी गेलो नाही. लोकांना सांगितलं, की इथली संत्री तिथं मिळत नाहीत. लोक हसले, मीही हसलो. तेव्हा मी एका गोष्टीचा हिशेब केला नव्हता. माझ्या अर्जात माझ्या चिरंजीवांचंही नाव होतं. वय चौदा. एकवीस वर्षांखालचं मूल बापाच्या अर्जाबरोबर जातं. मी गेलो असतो तर त्याला चौदाव्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं असतं, कसलाही नंबर न लावता. आज भावंडांच्या त्या रांगेचं काय झालं आहे म्हणाल, तर २०२५ साली हिंदुस्थानातल्या २००६ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. एका तपानं आता भागत नाही.

चिरंजीव पुढे स्वतःच्या हुशारीवर इंजिनिअर झाले आणि २०११ साली अमेरिकेला गेले. बरोबर सूनबाई आणि दीड वर्षाची नात. व्हिसा ‘एच-वन-बी’. नावावरून एखाद्या जीवनसत्त्वासारखा वाटतो, आणि तसाच तो पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीनं २०१५ साली अर्ज केला. पण कुठल्याही एका देशाला त्या कार्डांतला साधारण सात टक्के वाटा, असा नियम. मग तो देश हिंदुस्थानाएवढा असो की एखाद्या बेटाएवढा. त्यामुळं २०२५ साली आपल्याकडच्या २०१३ सालच्या अर्जांवर काम चालू होतं. म्हणजे त्याच्या पुढे दोनच वर्षांची माणसं उभी आहेत. आमच्या पुलगावच्या तिकिटाच्या खिडकीवर गाडी सुटायच्या वेळी माझ्या पुढे दोनच माणसं असतात, तसंच हे.

आता दादाची मोटार. तो निवृत्त झाला आणि २०१२ साली त्याच्या डोक्यात आलं, की सहा महिने तरी नाचणगावात येऊन राहावं आणि येताना आपली लाडकी ब्यूक गाडी घेऊन यावी. मला म्हणाला, ‘तू जिल्हा परिषदेतला. नियम बघून ठेव.’ मी बघून ठेवले. परदेशातली वापरलेली गाडी हिंदुस्थानात आणायची तर तिचं वय तीन वर्षांच्या आत हवं. सुकाणू उजव्या हाताला हवं. वेग दाखवणारा काटा किलोमीटरमध्ये बोलणारा हवा. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या देशाला साजेसा हवा. निदान पाच वर्षं रस्त्यावर टिकेल असा दाखला हवा. ती उतरायची मुंबईच्याच बंदरात. आणि जकात गाडीच्या किमतीहून जास्त. एकंदरीत ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीतसुद्धा इतक्या अटी नसतात, आणि तिथं निदान हुंडा उलट्या दिशेनं जातो.

दादाची ब्यूक नऊ वर्षांची, डाव्या हाताची, मैलात बोलणारी. त्यानं यादी ऐकली आणि म्हणाला, ‘म्हणजे माझ्यासारखीच आहे. मग मला तरी कसं येऊ देतात?’ त्याला येऊ देत, कारण त्याच्याजवळ ‘ओसीआय’ नावाचं कार्ड होतं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप संपतं. पण २००५ च्या डिसेंबरापासून आपल्या सरकारनं अशा माणसांसाठी आयुष्यभर ये-जा करायचं हे कार्ड काढलं. ते दाखवून स्वतःच्या गावी हवं तितकं राहता येतं, मात्र शेत विकत घेता येत नाही. वारसानं आलं तर चालतं. दादा म्हणे, ‘म्हणजे मी जमीन घ्यायला परका आणि बाप मरायला घरचा.’ दोन-तीन हिवाळे तो येऊन राहिला, ब्यूकशिवाय. रोज सकाळी डॉलरवर माझ्या मागे बसून पुलगावला चहा प्यायला यायचा.

२०२५ च्या फेब्रुवारीत दादा न्यू जर्सीत वारला. बेचाळीस वर्षांच्या पुतण्याचा फोन आला. पोरगं तिथंच जन्मलेलं, पण आमच्या वहिनींनी त्याला मराठी हट्टानं शिकवलेलं. म्हणाला, ‘काका, बाबांच्या थोड्या अस्थी वर्धा नदीत सोडायच्या आहेत. त्यांनी लिहून ठेवलंय. आणि काका, मला डॉलर हवा आहे.’ मला आधी वाटलं, पोराला पैशाची अडचण आहे. मग उलगडा झाला. त्याला स्कूटर हवी होती. बापाची आठवण म्हणून न्यू जर्सीच्या गॅरेजमध्ये ठेवायला.

मी म्हटलं, ‘अरे, पंचेचाळीस वर्षांची म्हातारी ती. तुमचं सरकार तिला कशाला येऊ देईल? आपल्याकडे तर तीन वर्षांच्या वर चालत नाही.’ तो हसला. ‘काका, अमेरिकेत उलटं आहे. नवी गाडी असेल तर तिथल्या सुरक्षेच्या सगळ्या नियमांत बसावी लागते. पंचवीस वर्षं पूर्ण झाली की त्या नियमांतून सुटते. एच-एस-७ नावाचा फॉर्म आहे. त्यात एका चौकटीत खूण केली की झालं.’

मी फोन ठेवला आणि ओसरीवर जाऊन डॉलरकडे बघत बसलो. न मुलाखत, न लॉटरी, न शिफारस करणारी कंपनी. पंचवीस वर्षं जगल्याबद्दल अमेरिका तिला आत घेत होती. माझा मुलगा तिथं चौदा वर्षं राबतो आहे, कर भरतो आहे, आणि त्याची वयाची चौकट कुठल्याच फॉर्मवर नाही. आणि नातीची आहे, पण उलटी. ती एकवीस वर्षांची झाली की बापाच्या अर्जातून तिचं नाव गळतं. काही वजावट मिळते म्हणे, पण ती रांगेच्या मानानं अगदीच किरकोळ. तोवर बापाचा नंबर लागला नाही, तर दीड वर्षाची असताना तिथं गेलेल्या त्या पोरीनं स्वतःचा वेगळा व्हिसा शोधायचा, नाहीतर ज्या देशातलं तिला संत्र्यांखेरीज काही आठवत नाही, त्या देशात परत यायचं. मोटारीला इकडे तीनच्या आत, तिकडे पंचवीसच्या वर, आणि पोरीला एकवीसच्या खाली. गुरुजी, तुमचा कान बरा होता हो!

मी डॉलर दाखवायला पुलगावच्या मिस्त्रीकडे नेला. त्यानं कान लावून इंजिन ऐकलं. ‘काकाजी, इंजन तं फस्कलास हाय. कायले पाठोता अमेरिकेले? तिथं याले कलवाले कोन हाय?’

प्रश्न बिनतोड होता. पण मी कारकून माणूस, कागद जमवायला लागलो. पुतण्यानं तिकडून नियमांचा आणखी एक कागद पाठवला. त्यातली एक ओळ वाचून मी थबकलो. गाडीच्या खालच्या बाजूला परदेशी माती असता कामा नये. किडे, रोग, तणाचं बी जाऊ नये म्हणून. तेव्हा पाठवण्याआधी गाडी खालून वाफेनं किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन घ्यावी.

मी डॉलरखाली वाकून पाहिलं. पंचेचाळीस पावसाळ्यांची आमची काळी माती होती ती. ज्यांनी वर्धा जिल्ह्यातली कपाशीची जमीन पावसात पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की ती माती एकदा चिकटली की नात्यागोत्यासारखी चिकटते. पत्र्याच्या आतल्या कोपऱ्यात तिचे थर दगड होऊन बसले होते. सौ. नं विचारलं, ‘काय शोधताय?’ मी म्हटलं, ‘परदेशी माती.’ ती म्हणाली, ‘इथं? नाचणगावात?’

पुतण्यानं सप्टेंबरात पितृपक्षात यायचं ठरवलं. वर्षाच्या आत श्राद्ध करावं की नाही यावर आमच्याकडच्या दोन भटजींची तीन मतं पडली. शेवटी ठरलं, की सर्वपित्री अमावस्येला, रविवारी २१ सप्टेंबरला, अस्थी सोडायच्या आणि नदीवर तिलांजली द्यायची. चिरंजीवही चुलत भावाबरोबर येणार होते. तीन वर्षांनी. दुसऱ्याच दिवशी घटस्थापना, म्हणून सौ. नं आठ दिवस आधीपासून काय काय करायचं याची यादी केली, आणि ती भिंतीवर चिकटवली. शुक्रवारी संध्याकाळी दोघं न्यूअर्कहून विमानात बसायचे होते.

त्याच शुक्रवारी, १९ तारखेला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका हुकुमावर सही केली. एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर. लागू केव्हा, तर रविवारी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटानं. हे नव्यांना की जुन्यांनाही, गेलेला माणूस परत येताना त्याच्यापाशी मागतील की नाही, हे त्या संध्याकाळी कोणालाच नीट कळेना. कंपन्यांनी आपापल्या माणसांना तातडीनं कळवलं: देशाबाहेर असाल तर परत या, आत असाल तर बाहेर पडू नका. चिरंजीवांना निरोप आला तेव्हा ते विमानतळावर रांगेत उभे होते. आमच्याकडे शनिवारची पहाट. फोन आला. म्हणाला, ‘बाबा, मी येत नाही.’ मग नियम समजावून सांगायला लागला. मला नियम समजतात. मी ऐकून घेतला.

जुन्यांना तो आकार नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी झाला. पण तोवर विमान गेलं होतं.

म्हणजे पाहा, ज्याच्या खिशात हिंदुस्थानचा पासपोर्ट तो मुलगा हिंदुस्थानात येऊ शकला नाही, आणि ज्याच्या खिशात अमेरिकेचा तो पुतण्या व्यवस्थित आला. नागपूरहून त्याची टॅक्सी रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या दारात थांबली. मी उगाच हिशेब केला. तिकडे तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजत होते आणि हुकूम लागू होत होता. पुतण्याच्या एका हातात स्वतःची बॅग, दुसऱ्या हातात चिरंजीवांची. त्यानं ती विमानतळावर भावाच्या हवाली केली होती. बॅगेत आईसाठी स्वेटर, माझ्यासाठी गुडघ्याचे पट्टे, आणि डॉलरसाठी नव्या चकचकीत आरशांची जोडी.

नदीवर कसं जायचं, हा प्रश्नच नव्हता. ‘काका, डॉलर,’ पुतण्या म्हणाला. मी पंचाहत्तर वर्षांचा, डॉलर पंचेचाळीस वर्षांचा, आणि मागे सहा फुटी पुतण्या मांडीवर तांब्या घेऊन बसलेला. दादा रोज बसायचा तिथंच. पुलगावच्या रस्त्याला लागलो आणि डॉलर बंद पडला. मी उतरलो. एरवी झटकन कलवतो, पण त्या दिवशी हाताला जोर येईना. पुतण्यानं तांब्या माझ्याकडे दिला आणि म्हणाला, ‘सांगा.’ मी सांगितलं. ‘तुझ्याकडे घे. अजून. अजून जरा. घाबरू नको, तो पडत नाही. आता उठव. किक मार.’ तिसऱ्या किकेला डॉलर उठला. पुतण्याला इतका आनंद झाला, की क्षणभर आपण कशाला निघालो आहोत हे दोघंही विसरलो.

घाटावर भटजींनी विचारलं, ‘तिलांजली देनारे किती?’ मी म्हटलं, ‘दोन.’ पुतण्यानं बापाला दिली, मी आबांना आणि दादाला. मग पुतण्यानं पुन्हा ओंजळ भरली. ‘ही त्याच्यातर्फे. त्यानं सांगितलंय,’ म्हणाला. चालतं का, असं मी भटजींकडे बघून विचारलं. भटजी म्हणाले, ‘पान्याले कायचा व्हिसा लागते?’

चार दिवस राहून पुतण्या परत निघाला. जाताना म्हणाला, ‘काका, डॉलरचं काय?’

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली आहेत. एखादं काम करायचं नसलं तर सरकारी माणूस कधीही ‘नाही’ म्हणत नाही. मी चष्मा लावला, फाईल उघडली, दोन कागद मागे-पुढे केले आणि म्हणालो, ‘कागद अपुरे आहेत.’ पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं डॉलरच्या पत्र्याच्या आत बोट घातलं, मातीचा एक खपला काढला, कागदात गुंडाळला आणि खिशात घातला. मी म्हटलं, ‘अरे, परदेशी माती चालत नाही ना?’ तो म्हणाला, ‘गाडीला चालत नाही.’ ‘तुलाही चालत नाही,’ मी म्हटलं. मी नियम वाचलेले होते. त्यानं मुकाट्यानं खपला काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो पुन्हा डॉलरखाली टाकला.

नोव्हेंबरात डॉलरच्या नोंदणीची मुदत संपत होती. मी त्याला घेऊन वर्ध्याच्या आरटीओत गेलो. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी त्याच ऑगस्टमध्ये वाढवून दोन हजार रुपये केली होती. आधी हजार होती. रांगेतले लोक कुरकुरत होते. मी अजिबात कुरकुरलो नाही. एक लाख डॉलरची बातमी ऐकलेल्या माणसाला दोन हजार रुपये म्हणजे प्रसादाचे पेढे. इन्स्पेक्टरसाहेबांनी डॉलरचं हॉर्न, ब्रेक, दिवे पाहिले, नवे आरसे पाहून मान डोलावली, आणि आणखी पाच वर्षांची मुदत दिली. नोव्हेंबर २०३० पर्यंत.

घरी येऊन मी ती तारीख कॅलेंडरच्या मागे लिहायला गेलो, तर तिथं माझ्याच अक्षरात आधीपासून एक ‘नोव्हेंबर २०३०’ लिहिलेला होता. नातीला एकवीस पूर्ण होतात, तो महिना.

रात्री चिरंजीवांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, ‘बाबा, डॉलर पाठवला का हो?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘त्याचे कागद अपुरे आहेत.’

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो हसला. ‘माझेही,’ म्हणाला. ‘दोघांना सांभाळून ठेवा.’